विश्वंभर साळिंदराचा बारा घरांचा स्विच

एका जंगलात वीज आली होती. ती कुठून आली, तारा कोणी ओढल्या, असले प्रश्न विचारायचे नाहीत. मांडी घाला आणि ऐका. ज्याला मधे बोलायचं असेल, त्याने मोठं होऊन सभेत जावं.

तर त्या जंगलात विश्वंभर नावाचा साळिंदर राहायचा. त्याला घरच्या घरी विजेच्या वस्तू बनवायची भारी हौस. त्याच्या बिळात तारांची भेंडोळी होती, उघडून ठेवलेले रेडिओ होते आणि अर्धवट राहिलेली सतरा यंत्रं होती. पूर्ण झालेलं एकही नव्हतं. म्हणून सगळे त्याला तज्ज्ञ म्हणायचे.

शेजारच्या करवंदीच्या जाळीत सगुणा रानकोंबडी सहा अंडी उबवत बसली होती. तिचा कोंबडाही होता. पण तो पहाटे एकदा आरवायचा आणि मग दिवसभर दमलेला असायचा.

दहाव्या दिवशी सगुणा पाणी प्यायला उठली आणि तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय टम्म सुजला. वैद्य कासवाने काटा काढला, पाय उलटसुलट करून पाहिला आणि मान आत ओढून घेतली. ते काही चांगलं लक्षण नव्हतं.

"आठवडाभर रोज दुपारी हा पाय ओढ्याच्या गार चिखलात ठेवायचा," कासव म्हणालं. "चार दिवसांत सुरुवात झाली नाही, तर पाय गेला म्हणून समज."

"आणि तेवढा वेळ माझी अंडी?"

"गार पडली तर तीही गेली. काय करायचं ते लवकर करा."

कासवाने लवकर हा शब्द उच्चारलेला जंगलात कोणी ऐकला नव्हता. सगळे घाबरले. विश्वंभर तेवढा पुढे आला.

"वहिनी, काळजी सोडा. मी उबेची पेटी करतो. आत दोन दिवे, खाली भुसा, वर झाकण. दुपारपुरती अंडी त्यात ठेवा आणि खुशाल ओढ्यावर जा."

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "भावजी, देवासारखे धावून आलात."

आणि मुलांनो, खरं सांगतो, विश्वंभरने अर्ध्या दिवसात पेटी बनवली. मजबूत होती, छान होती. तार जोडली की दिवे लागत होते. राहिला होता फक्त स्विच.

साधं बटण त्याच्या बिळात ढिगाने होतं. पण विश्वंभर म्हणाला, "छे! इथे गोल फिरवायचा स्विच हवा. त्याला थांबायला तीन घरं. एका घरावर मंद ऊब, दुसऱ्यावर मध्यम, तिसऱ्यावर कडक. फिरवला की प्रत्येक घरावर टक् करून थांबला पाहिजे."

"पण मला एकच ऊब लागते," सगुणा म्हणाली. "माझ्या पोटाएवढी."

"वहिनी, हे तुम्हाला नाही कळायचं," विश्वंभर प्रेमाने म्हणाला.

त्या जंगलात एक रीत होती. स्विच एकट्याने निवडायचा नाही. आधी हौशी मंडळापुढे ठेवायचा. मंडळात माकड होतं, बेडूक होता आणि रानडुक्कर होतं. तिघांनीही कधी काही बनवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा अभ्यास दांडगा होता.

पहिला प्रश्न निघाला की एका घरावरून दुसऱ्या घरावर जाताना स्विचने काय करावं.

माकड म्हणालं, "पुढची फांदी हातात आल्याशिवाय मागची सोडू नये. स्विचनेही आधी पुढचं टोक धरावं, मग मागचं सोडावं."

बेडूक भडकला. "दोन्हीकडे पाय ठेवून कधी उडी मारता येते का? आधी सोडावं, मग धरावं. तेच सुरक्षित!"

दोघांचंही बरोबर होतं. कामाप्रमाणे दोन्ही तऱ्हांचे स्विच मिळतात. दोन दिव्यांच्या पेटीला कुठलाही चालला असता. पण चालेल असं मंडळात कोणी म्हणत नसतं. वाद दोन दिवस चालला. माकडाने फांद्यांवरून प्रात्यक्षिक दाखवलं, बेडकाने डबक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणा लंगडत मंडळात आली. मागे अंडी गार पडत होती, म्हणून ती दारातूनच बोलली.

"भावजी, स्विच सावकाश येऊ दे. तोवर तारेची दोन टोकं नुसती पिळून जोडली आणि वर चिकटपट्टी लावली तर?"

 रानडुकराने मान फिरवली.

"पिळून?" विश्वंभर हळू आवाजात म्हणाला. "वहिनी, आमच्यात पिळून जोडत नाहीत."

सगुणाला लाज वाटली. शहाण्याने तोंडावर नाही म्हटलं की आपलं खरं असूनही आपल्यालाच लाज वाटते. ती माफी मागून परत गेली आणि अंड्यांवर बसली. पाय पोटाखाली ठणकत होता.

तिसऱ्या दिवशी घरं किती असावीत हा प्रश्न आला. पेटीला तीन हवी होती. माकड म्हणालं, "बाराचा घे. पुढेमागे लागतील." रानडुक्कर म्हणालं, "आणि असा दणकट घे की मी वर बसलो तरी तुटता कामा नये." दोन दिव्यांच्या पेटीवर रानडुक्कर कशाला बसेल, हे कोणी विचारलं नाही. बारा घरांचा दणकट स्विच ठरला.

चौथ्या दिवशी तो हातात आला. विश्वंभरने तो कानाशी धरून फिरवला. टक्, टक्, टक्. काय तो आवाज! मंडळातले सगळे पाळीपाळीने फिरवत बसले.

मग विश्वंभरने आपली जपून ठेवलेली पितळी मूठ काढली. ती त्याने स्विचच्या कितीतरी आधी, नुसती देखणी म्हणून आणली होती. मूठ स्विचच्या दांड्यावर बसेना. दांडा गोल होता आणि मुठीचं भोक एका बाजूने सपाट. आता कोणीही म्हणेल, मूठ बदला. विश्वंभरने स्विच परत केला.

सगुणा जाळीतून विचारायची, "भावजी, झालं का?"

"होत आलं, वहिनी! फक्त स्विच राहिलाय."

पाचव्या दिवशी सगुणाचा पाय ठणकायचा थांबला. तिला वाटलं, बरा झाला. सहाव्या दिवशी तो काळा पडला.

मला इथे वाईट वाटतं, म्हणून जरा थांबतो. कारण पेटी त्या दिवशीही तयारच होती. विश्वंभरच्या बिळात, दारापासून दोन हातांवर.

सगुणा अंड्यांवरून उठली नाही. उबवायला बसल्यापासून एकविसाव्या दिवशी सहाही अंडी फुटली आणि सहा पिल्लं बाहेर आली, पिवळी, ओली, चिवचिवणारी. सगुणाने ती एकेक मोजली, पुन्हा मोजली आणि खूप रडली. मग ती उभी राहायला गेली, तेव्हा तिला कळलं की आता एकाच पायावर उभं राहायचं आहे.

त्यानंतर चार दिवसांनी मुठीला बसणारा स्विच मिळाला.

मोठा समारंभ झाला. हत्तीमहाराज उद्घाटनाला आले. विश्वंभरने पेटीवर फुलं वाहिली, झाकण पुसलं आणि तो बाजूला झाला. महाराजांनी सोंडेने पितळी मूठ फिरवली. टक्, मंद. टक्, मध्यम. टक्, कडक. टाळ्या पडल्या. महाराजांना मजा वाटली. त्यांनी आणखी एकदा टक् केलं आणि दिवे विझले.

"हे काय?"

"ही पुढच्या विस्ताराची सोय, महाराज," विश्वंभर नम्रपणे म्हणाला. "अशी नऊ घरं राखून ठेवली आहेत."

"वा! दूरदृष्टी!" महाराज म्हणाले. विश्वंभरच्या काट्यांवर शाल घालायला तिघं लागले. ती तीन ठिकाणी फाटली, पण घातली.

मग कोणीतरी सगुणाला दोन शब्द बोलायचा आग्रह केला. ती उड्या मारत पुढे आली. पेटीत डोकावली. आतला भुसा कोरा करकरीत होता.

"पेटी सुरेख झालीय, भावजी," ती म्हणाली. "आता हिच्यात काय ठेवू?"

विश्वंभर पुसलेलं झाकण पुन्हा पुसू लागला. मग माकड ओरडलं, "पुढच्या वर्षीची अंडी!" आणि सगळ्यांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

सगुणा घरी निघाली. एका पायावर, टुणूक टुणूक. तिच्या मागे सहा पिल्लं. त्यांनी आईला दुसऱ्या तऱ्हेने चालताना पाहिलंच नव्हतं. त्यांना वाटलं, चालायची रीत हीच. सहाही जणांनी आपला एकेक धडधाकट पाय वर उचलला आणि ती तिच्या मागे उड्या मारत गेली.

तात्पर्य : स्विच निवडताना कधीही घाई करू नये. चुकीचा स्विच जन्मभर सलतो. पाय काय, दोन असतात.