विरोधाचा हात

दिगंबर सरांकडे चहा नुसता मिळत नाही, तो मंजूर व्हावा लागतो. गॅसवर भांडं ठेवण्याआधी सर अंगणात येऊन उभे राहतात आणि विचारतात, "चहा व्हावा, या बाजूचे कोण?" सगळे हात वर जातात. "विरोधात?" सगळे गप्प. मग सर खेदानं मान हलवतात. "एकमत झालं. म्हंजे कुनीतरी झोपलंय. विषय पुढं ढकलला." आणि खरोखरच चहा होत नाही. त्यामुळे कुणीतरी चहाला विरोध करावाच लागतो. नुसता हात वर करून भागत नाही, कारणही द्यावं लागतं. हे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. मला चहा अतिशय आवडतो.

हे सगळं चालतं वालूरजवळच्या एका मळ्यात. आमच्या भागातले एक गृहस्थ दूरच्या कुठल्याशा राज्याचे राज्यपाल झाले होते. पद सुटल्यावर ते इथं येऊन राहिले आणि जाताना मळा, बंगली, आंब्याची झाडं सगळं एका ट्रस्टला देऊन गेले. गावोगावचे लोक इथं दोन-तीन दिवस मुक्कामाला येतात, झाडाखाली बसतात आणि ग्रामसभेत तोंड कसं उघडायचं ते शिकतात. साहेबांनी एक नियम घालून दिला होता. ठरावाला एक तरी विरोधी हात पडला, तर तो बहुमतानं पक्का. एकमत झालं, तर मात्र त्या दिवशी मान्य करायचा नाही, पुढच्या बैठकीत परत आणायचा. साहेब गेले, नियम सरांनी घट्ट धरून ठेवला.

सर शाळेत आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचे. हा विषय इतिहासाच्या पुस्तकाला मागून चिकटवलेला असतो आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात, एवढंच आम्हाला ठाऊक. सर मात्र वर्गाची खिडकी उघडावी की नाही यावर चर्चा लावून अख्खा तास घालवायचे. निवृत्तीनंतर ट्रस्टनं त्यांना व्यवस्थापक नेमलं, आणि मळ्यात कामाला असलेल्या माझ्यासकट सगळा मळाच त्यांच्या तासाला बसला.

एकदा मानवतकडचे नवे निवडून आलेले ग्रामपंचायतीचे मेंबर मुक्कामाला होते. जेवणाला वांग्याची भाजी, सगळ्यांचे हात वर. विषय ढकलला. एक मेंबर काकुळतीला येऊन म्हणाले की भूक लागली आहे. मग विरोध करा की, असं सरांचं म्हणणं. बराच वेळ चुळबुळ झाल्यावर पदर सावरत एका बाईंनी हात वर केला आणि वांगं खाल्लं की अंगाला खाज सुटते असं हळूच सांगितलं. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः बाईंसाठी वेगळं पिठलं टाकलं. पुढं त्याच बाईंनी गावच्या सभेत नळाच्या कामावर उभं राहून हरकत घेतली, असं कानावर आलं. सर ते येईल त्याला सांगत सुटले होते.

सरांच्या घरचा विरोधी पक्ष म्हणजे कौसल्याकाकू. सरांनी दाराला हिरवा रंग म्हटला की काकू निळा म्हणणार. घरात दोघंच, मतं समसमान, त्यामुळे दाराला रंग कधी लागलाच नाही. चहाला तर काकूंचा विरोध ठरलेला, पण तो नावापुरता, "साखर लय टाकता तुमी." आणि मग बशी भरून तोच चहा प्यायच्या. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सरांनी गावातल्या घराला कुलूप घातलं आणि मळ्यातल्या कोपऱ्याच्या खोलीत बाज टाकली.

ट्रस्टच्या अध्यक्ष सुनीताताई या साहेबांच्या नात, मनानं भल्या. सरांचं वय झालं, रात्री मळ्यात एकटं राहणं बरं नाही, गावात पक्कं घर आहे, शेजार आहे, तेव्हा त्यांनी रात्रीचं घरी राहावं, असा ठराव ताईंनी मळ्याच्या बैठकीसाठी आणला. बैठक ठरवील ते मान्य, असं सर म्हणाले. सर बोलले म्हणजे तसंच वागणार. मलाही ठराव पटला होता.

बैठकीच्या आदल्या दुपारी घर झाडायला मी त्यांच्याबरोबर गेलो. सर स्वयंपाकघरात शिरले, चहाचं भांडं हातात घेतलं आणि सवयीनं विचारलं, "चहा व्हावा का?" माझ्याकडं नाही, भिंतीशी टेकवून ठेवलेल्या काकूंच्या पाटाकडं बघून. मग भांडं खाली ठेवलं.

"अशोका, इथं मी म्हनंल ते पास व्हायलंय," ते म्हणाले. "मोडता घालायला कुनी न्हाई. लय अवघड हाय रे."

मी झाडू उचलला आणि झाडलेलीच ओसरी पुन्हा झाडली.

दुसऱ्या दिवशी ठराव सरांनीच वाचून दाखवला. "बाजूचे कोण?" बाकी सगळ्यांचे हात वर गेले. मी विरोध करायचा हे घरूनच ठरवून आलो होतो. आणि ऐनवेळी डोक्यात प्रकाश पडला. माझा एक हात विरोधात गेला की ठराव पक्का, आणि सर आजच घरी. त्यांना इथं ठेवायचं, तर त्यांना घालवायच्या बाजूनं हात वर करायला हवा होता. मी केला.

"विरोधात?" सर माझ्याकडं बघत राहिले. सवयीनं सगळेच माझ्याकडं बघत होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकमत झालं," ते म्हणाले. "म्हंजे कुनीतरी झोपलंय. पुढच्या बैठकीला बघू."

ताईंनी आधी माझ्याकडं आणि मग सरांकडं पाहिलं. त्यांना बहुधा कळलं. कारण तेव्हापासून दर बैठकीत आम्ही सरांना एकमतानं घरी पाठवतो, आणि सगळ्यात उंच हात ताईंचा असतो.

त्यानंतर चहाचा ठराव येतो. मी विरोधात हात वर करतो. सर कारण विचारतात.

"साखर लय टाकता तुमी," मी म्हणतो.

सर आत जातात आणि मुद्दाम एक चमचा जास्त टाकतात.