एक दार खरं पाहिजे

कुठलाही नकाशा समोर आला की बब्रूभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला, "दार कुठंय?" मालक हौसेनं देवघर, बाल्कनी, जिना दाखवत असतो आणि हे आपले दार शोधत असतात.

बब्रूभाऊ, म्हणजे बब्रुवानराव, लातुरात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढतात. मी शेजारच्या टेबलावर एस्टिमेट करते. शहरात क्लास वाढले, तशी पोरांसाठी होस्टेलं वाढली आणि नकाशे कुठूनकुठून येऊ लागले. कुणी इंचात काढलेला, कुणी मिलिमीटरमध्ये, कुणी देवाच्या भरवशावर. एका होस्टेलचं दार भाऊंनी मापलं तर पाऊण इंच निघालं. त्यांनी मालकाला शांतपणे विचारलं, "हितं डॉक्टर होणारी पोरं राहणार हायत का मुंग्या?"

मग त्यांचा विधी सुरू होतो. दाराच्या एका कडेवर क्लिक, दुसऱ्या कडेवर क्लिक, खरी रुंदी टाकायची, एन्टर. अख्खी बिल्डिंग फुगून मापात येते. "एक दार खरं पाहिजे, ताई," खुर्चीत रेलून ते म्हणतात, "बाकीचं घर आपोआप खरं होतंय." हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

टेप खिशात कायम. भाच्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही यांनी उठून दाराला टेप लावला. मुलीच्या बापाचा चेहराच उतरला. त्याला वाटलं, हे आता हुंड्यात कपाट मागणार! लग्न जमलं, पण त्या घरात यांना अजून 'कपाटवाले मामा' म्हणतात. परवा सोमवारी तर पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीच्या सीटची उंची मापताना सापडले. विचारलं तर म्हणाले, "असंच." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी किल्लारीचा नकाशा आला. किल्लारी भाऊंचं गाव. भूकंपानंतर नवं वसवलेलं. तिथल्या शाळेला खोल्या वाढवायच्या होत्या. नकाशा अख्ख्या गावाचा, स्कॅन केलेला, त्यामुळे माप पार गेलेलं. मी वाट बघत होते, पण भाऊंनी दार विचारलंच नाही. नकाशा इकडून तिकडं सरकवत राहिले. मग गावाच्या एका टोकाच्या घरावर क्लिक केलं, पार दुसऱ्या टोकाच्या घरावर दुसरं, आणि माप टाकलं, सहा फूट. अख्खं गाव आक्रसलं.

"काय करून राहिलात, भाऊ?" मी हदगावची, आवाज जरा मोठाच. "एकेक घर आगपेटीत मावेल एवढं झालं की!"

"हे आईचं," त्यांनी एका घरावर बोट ठेवलं. "हे शेवंतामावशीचं. जुन्या गावात दोघींच्या दारात सहा फुटाचा बोळ व्हता. आई आतून नुसतं 'काय गं' म्हणली की मावशी 'हाव' म्हणायची. भूकंपात दोघी वाचल्या. पण नवी घरं दिली जमिनीच्या हिशोबानं. आमाला जमीन हाय, मावशीला न्हाई. ती गेली तिकडच्या टोकाला. आता दोघींचे गुडघे गेलेत. आईला म्हणलं लातूरला चल, तर म्हणती, शेवंता हितं हाय. हाय, पर दिसती कुठं?"

भाऊ दर रविवारी गावी का जातात, ते मला तेव्हा कळलं. आईला मोटरसायकलवर बसवून मावशीच्या दारात सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं.

"मागच्या रविवारी आईचा पाय गाडीवर गेलाच न्हाई," ते म्हणाले. "दोनदा बघितलं उचलून. रडली म्हातारी. मग तशीच बसली दारात."

भाऊ त्या इवल्याशा गावाकडे एकटक बघत होते. चुकीच्या मापाचा एकही नकाशा त्यांनी आयुष्यात पुढं जाऊ दिला नव्हता, हाही दिला नाही. केलेलं उलटं फिरवलं. दोन्ही घरं पुन्हा लांब गेली. मग त्यांनी शाळेचं फाटक शोधलं, खरी रुंदी टाकली आणि गाव होतं तेवढं करून ठेवलं.

मी पर्समधून स्कूटीची किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"बसतील का हो आई?"

"बसल की," भाऊ किल्ली उचलत म्हणाले. "आईचा गुडघा बी मापलाय मी."