कॉम्प्रेसर कुठला घालायचा

तीन आठवडे झाले, नागसेन एकाच प्रश्नात अडकला होता. कॉम्प्रेसर कुठला घ्यायचा?

तसा तो दिवसभर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासायचा. एप्रिल जवळ आला, की दीप्तीताईंच्या भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा. दीप्तीताईंचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागू नये. गेल्या महिन्यात त्यांनी तालीम मधेच थांबवली होती.

"नागसेन, तुझा बेस मधनंच ढुम्म करतोय, मधनंच गायब हुतोय. पब्लिकला वाटंल, मागं कोणतरी कपाट सरकवालंय."

कीबोर्डवरच्या प्रसेनजीतनं लगेच डाव्या हातानं दोन पट्ट्या दाबून दाखवल्या. "ताई, बेस ह्यात पण हाय की."

तेव्हापासून नागसेनच्या तोंडाची चव गेली होती. येत्या रविवारी जयसिंगपूरला कार्यक्रम होता. तोवर आवाज सारखा झाला नाही, तर त्याची जागा प्रसेनजीतचा डावा हात घेणार, हे उघड होतं.

जाणकारांनी उपाय सांगितला होता तो कॉम्प्रेसरचा. म्हणजे पायानं दाबायची, साबणाच्या वडीएवढी एक डबी. गिटारची वायर तिच्यातून न्यायची. जोरात वाजलेला सूर ती दाबते, हळू वाजलेला उचलते आणि सगळ्यांना एका पातळीवर आणते. पण अशा डब्या पन्नास तऱ्हेच्या. एका बटणाची घ्यावी तर कमी पडेल अशी भीती, सहा बटणांची घ्यावी तर ती लावणार कोण? शेवटी सोमवारी त्यानं तीन बटणांची मागवली. ती शुक्रवारी येणार होती. तरी मनाला चैन नव्हतं, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून त्यानं दीप्तीताईंना फोन लावला.

"व्हय ताई, आवाजच सारखा न्हाय. मधीच गुरगुरतोय, मधीच बसतोय. आता कॉम्प्रेसर घातल्याबिगर भागत न्हाय."

त्याची आई, सरुबाई, गॅसपाशी भाकरी थापत होती. तिनं फ्रिजकडं बघितलं. फ्रिज नेमका तेव्हाच गुरगुरला. सरुबाईची खात्री पटली.

सरुबाईचे धाकटे भाऊ अण्णासो जयसिंगपूरला विजेवर चालणारं काहीही दुरुस्त करायचे. मिक्सर, फ्रिज, मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर, काहीही. पोरगं एवढ्या काळजीत असताना भावाला सांगायचं नाही, तर मग सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी नागसेनचा फोन वाजला. शेजारी मशीन धडधडत होतं.

"आरं नागू, आक्का म्हणली, कॉम्प्रेसर घालायचाय."

नागसेनला बरं वाटलं. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाला कॉम्प्रेसर माहीत असणारच. "व्हय मामा. तुमच्याकडं हाय काय?"

"दोन हाईत. एक साधा, एक भारीतला."

"भारीतल्याचा आवाज कसा हाय?"

"आवाज येतच न्हाय. चालू हाय का बंद, त्येबी कळत न्हाय बघ."

चांगल्या कॉम्प्रेसरची हीच खूण असते, असं नागसेननं अकरा व्हिडिओंत ऐकलं होतं. "मग त्योच द्या मामा! पर रविवारच्या आत पायजे."

"शनवारी देतो की. तू काळजी करू नगंस."

नागसेननं समाधानानं फोन ठेवला आणि तीन बटणांच्या डबीची ऑर्डर रद्द करून टाकली.

संध्याकाळी तो घरी आला, तर स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागी धुळीचा चौकोन होता.

"आई, फ्रिज कुठाय?"

"जयसिंगपूरला गेला. अण्णा टेम्पो घिऊन आलता. दूध शेजारी श्यामलाताईंच्यात ठेवलंय."

"आई, कॉम्प्रेसर मला गिटारला पायजे हुता!"

सरुबाईनं त्याच्याकडं जरा काळजीनंच बघितलं. "गिटार कुठं गार करायची असती व्हय रं?"

त्यानं मामांना फोन केला. मामांनी फ्रिज पार उघडून ठेवला होता. झालेला घोटाळा ऐकून ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "आता उघडलायच, तर घालूनच देतो." मग त्यानं डबी पुन्हा मागवायला घेतली. आता ती पुढच्या मंगळवारी येणार होती.

करण्यासारखं काहीच उरलं नाही, म्हणून नागसेननं गिटार घेतली. घरात गिटारचा ॲम्प्लिफायर लावायला रिकामा प्लग एकच, तोही स्वयंपाकघरात. गेली दोन वर्षं तो तिथंच, फ्रिजशेजारी सराव करत आला होता. त्यानं खालची तार छेडली आणि दचकला. सूर घरभर दणाणला. त्यानं पुन्हा छेडली. पुन्हा दणका.

हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. फ्रिजची गुरगुर आणि बेसचे खालचे सूर एकाच जातीचे. ते सूर गुरगुरीत बुडायचे, म्हणून तो खालची तार ठोकून काढायचा, आणि वरच्या तारांना नुसतंच गोंजारायचा. हाताला तीच सवय लागली होती. कपाट सरकवत होता तो हात.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन संध्याकाळी तो त्या मुकाट स्वयंपाकघरात एकेक सूर ऐकत, हात सावरत बसला. शुक्रवारी कांदा चिरता चिरता सरुबाई म्हणाली, "आज बरा वाजतोय की. कुठं ठेच लागत न्हाय."

शनिवारी फ्रिज आला. चालू आहे का बंद, खरंच कळत नव्हतं.

रविवारी जयसिंगपूरच्या मांडवात नागसेनचा बेस पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एका चालीनं चालला. दीप्तीताईंनी दोनदा मागं वळून बघितलं आणि दोन्ही वेळा मान डोलावली. प्रसेनजीतचा डावा हात गुमान आपलं काम करत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर गारगोटीच्या एका पार्टीतला गिटारवाला गर्दीतून वाट काढत आला. "पावणं, लई सारखा वाजला बेस! कॉम्प्रेसर कुठला म्हणायचा?"

नागसेन खरं काय ते सांगणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत बसलेले अण्णासो मामा छाती काढून पुढं आले.

"मी घातलाय. कंपनी कुठलीबी असूंदे, पावणं, गॅस तेवढा नवा भरून घ्या. आणि भितीपासनं वीतभर लांब ठेवा."

गारगोटीच्या पाहुण्यानं खिशातून मोबाइल काढला आणि मन लावून लिहून घेतलं.