महाराजांच्या जिभेचा शिक्का

एका जंगलात, मुलांनो, एक कत्तलखाना होता. नाकं मुरडू नका. जंगलात सगळेच काही पालेभाजी खात नाहीत.

कत्तलखाना धोंडू तरस चालवायचा. गडी कामाला चोख. सुऱ्या उकळायचा, लाकडी ठोकळा गरम पाण्यानं घासायचा. पण मटण बाजारात जायचं तर त्यावर सरकारी शिक्का हवा, आणि जंगलात शाई मिळत नव्हती. म्हणून पंचानन महाराज, म्हणजे तिथला सिंह, रोज सकाळी स्वतः येत आणि प्रत्येक तुकड्यावर एकदा जीभ फिरवत. झाला शिक्का!

एकदा अख्ख्या जंगलाला ढाळ लागले. वाघोबा ओढ्याकाठून हलेनात. कोल्हीणबाईंची पिल्लं तर पार गळून गेली.

"हे धोंडूचंच काम!" महाराज गरजले. "बघा, हसतोय कसा!"

आता तरसाचं तोंडच तसं, त्याला तो बिचारा काय करणार? पण हुकूम सुटला. संध्याकाळी धोंडूचा कडेलोट.

चंपाताई मुंगसाला हे बघवेना. त्या शहरात जाऊन जनुकांचं शास्त्र शिकून आल्या होत्या. शिकलेल्यांना गप्प बसता येत नाही, एवढा एकच त्यांच्यात दुर्गुण.

"महाराज, दिसायला सगळे जंतू सारखेच," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येकाच्या अंगात त्याच्या कुळाची खूण असते. ती वाचली की पाहुणा कुठल्या घरचा ते कळतं."

"वाचा की," महाराज म्हणाले. "कडेलोट संध्याकाळी आहे."

चंपाताईंनी आधी बाधलेल्या मटणातले जंतू घेतले. मग कापसाच्या बोळ्यांनी सुरी पुसली, ठोकळा पुसला, मटण टांगायचे आकडे पुसले, धोंडूचे पंजेही पुसले. सगळे बोळे शहरातून आणलेल्या यंत्रात घातले. एकाचंही कूळ जुळेना. मग राहिलं काय? चंपाताईंना शेपटीपर्यंत घाम फुटला.

"महाराज, जरा आ करता?"

कापसाचा बोळा जिभेवरून फिरला. यंत्र गुरगुरलं. कुळं तंतोतंत जुळली.

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर आपला कडेलोट, न सांगावं तर धोंडूचा. चंपाताईंनी डोळे घट्ट मिटले आणि सांगून टाकलं, "महाराज, ही सगळी मंडळी तुमच्या जिभेवरची आहेत."

जमलेली प्रजा दोन पावलं मागं सरली. महाराजांनी आयाळ खाजवली.

"म्हणजे वाघाच्या पोटात आमची मंडळी?"

"हो, महाराज."

"कोल्हीणबाईंच्याही?"

"हो."

"आणि आमच्या विरोधकांच्या?"

"त्यांच्या जरा जास्तच."

"वा!" महाराज ताडकन उठले. "आजवर आम्ही नुसतं म्हणत होतो, आज शास्त्रानं सिद्ध केलं. प्रजेच्या पोटापोटात आम्हीच आहोत! सोडा त्या धोंडूला. उद्यापासून दोनदा चाटू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांना जमलं ते उभे राहिले, बाकीचे लगबगीनं ओढ्याकडे गेले.

धोंडू रडत रडत चंपाताईंच्या पाया पडला. त्यांनाही फार फार बरं वाटलं. एक जीव वाचला, शास्त्राचं चीज झालं.

तेवढ्यात महाराजांनी त्यांना पुढं बोलावलं. शाल झाली, श्रीफळ झालं. मग मानाचं ताट आलं. त्यातल्या मटणावर महाराजांनी सर्वांसमक्ष तीनदा जीभ फिरवली आणि ताट पुढं सरकवलं.

"घ्या, ताई. लाजू नका."

सगळं जंगल बघत होतं. चंपाताईंनी हसून पहिला घास घेतला.

तात्पर्य : मुलांनो, स्वच्छतेचे नियम सर्वांना सारखेच असतात. म्हणून जेवणापूर्वी हात धुवावेत. ते जमत नसेल, तर सिंहाच्या पोटी जन्म घ्यावा.