आधी तुम्ही जा

अक्कलदाढ दुखून दुखून प्रोग्रामरचा उजवा गाल टम्म फुगला होता, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑफिसात एका वादावर साहेबांसमोर त्याला तोंड उघडायचं होतं. तेव्हा बायकोने त्याला जवळजवळ ओढतच दातांच्या दवाखान्यात आणलं.

ऑफिसातला वाद तसा साधा होता. कॉम्प्युटरमध्ये कामं ढीगभर आणि ती करणारा प्रोसेसर एकच. कुणाची पाळी कधी, हे ठरवणारा प्रोग्राम हा लिहीत होता. पण एखादं काम आपणहून म्हणालं, ‘माझं राहू द्या, दुसऱ्याला घ्या,’ तर त्याला रांगेत पुन्हा उभं कुठे करायचं?

"शेवटी! जागा सोडलीस ना? मग जा मागे," असा याचा खाक्या.

"अरे, अशाने भल्या माणसाची पाळी कधी यायचीच नाही," शेजारच्या टेबलावरची सहकारीण म्हणाली होती. कॉम्प्युटरमध्ये भली माणसं नसतात, असं सांगून याने तिला उडवून लावलं होतं.

दवाखान्यात याचा नंबर पहिला लागला. दार उघडलं, आतून मशीनची घरघर ऐकू आली आणि हा खुर्चीतच मागे सरकला. शेजारी शाल पांघरलेल्या एक काकू बसल्या होत्या.

"काकू, आधी तुम्ही जा."

"किती गुणी नवरा मिळालाय गं तुला!"

"हो ना," बायको दातओठ खात म्हणाली.

काकू इंजेक्शन घेऊन, गाल बधिर होईपर्यंत बाहेर येऊन बसल्या. यादीत अजून पहिला हाच, म्हणून रिसेप्शनवरच्या बाईंनी पुन्हा यालाच हाक मारली. हा पलीकडच्या काकांकडे वळला.

"काका, तुम्ही जा. तुमचं वय झालंय."

"वय कुणाचं झालंय?" काका गुरगुरले, पण गेले.

आता बाईच भडकल्या. "दर वेळी तुम्हाला बोलवायचं आणि दर वेळी तुम्ही दुसऱ्याला पाठवायचं! रांग चालवायची कशी मी?"

"मग टाका ना मला शेवटी. नियमच आहे तसा."

बाईंनी खरंच टाकलं. स्वारी खूश! त्या खुशीत कूलरचं गार पाणी प्यायली आणि तिथेच घात झाला. दाढेतून अशी कळ उठली की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"बाई, मला आधी घ्या हो!"

"तुम्ही शेवटी. तुमचाच नियम. आणि डॉक्टर आज लवकर निघणार आहेत, शेवटच्यांनी उद्या यायचं."

"उद्या माझी मीटिंग आहे!"

त्याने केविलवाण्या नजरेने सगळ्यांकडे पाहिलं. रांगेतली बाकीची मंडळी अचानक मोबाइलमध्ये बुडाली होती. बायकोने मात्र त्याचा हात हातात घेतला.

तेवढ्यात काका बाहेर आले आणि काकूंना हाक आली. काकू उठल्या, त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून थबकल्या आणि वाकड्या झालेल्या तोंडाने म्हणाल्या, "याला घ्या. माझा गाल अजून पुरता बधिर झाला नाही."

"मग काकू, तुम्हाला शेवटी जावं लागेल."

"का म्हणून? मी जागा त्याला दिलीये, टाकून नाही दिली. हा बाहेर आला की त्याच्या मागोमाग मी!"

बाईंना ते पटलं. आधी याला इंजेक्शन, मग काकूंचा दात, मग याची दाढ. कुणीच रखडलं नाही, आणि डॉक्टरही वेळेवर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "हं, कोण बोलतंय आधी?"

प्रोग्रामर उठला, सुजल्या तोंडाने जमेल तेवढं हसला आणि सहकारिणीला म्हणाला, "आधी तू बोल. तुझ्या मागोमाग मी."

तिचा कानांवर विश्वास बसेना. "मागोमाग? शेवटी नाही?"

"नको गं बाई," तो गाल चोळत म्हणाला, "शेवटी कालच जाऊन आलोय."