सोनुने सर उभे राहतात

आमच्या शेजारचे सोनुने सर संगणकासमोर उभे राहतात. हे वाक्य नीट समजून घ्यावे, कारण पहिल्यांदा ऐकणारा हमखास चुकतो. उभ्याने काम करण्याची जी नवी पद्धत निघाली आहे, तिचा येथे संबंध नाही. पाठदुखीचाही नाही. पडद्यावर शिक्षक दिसू लागले की सर खुर्चीतून उठतात, हात शिवणीला लावून ताठ उभे राहतात, आणि पडद्यावरच्या बाईंनी पहिले वाक्य पूर्ण केले की बसतात. त्या बाई सरांना पाहत नाहीत. पुष्कळदा तर पाहणे शक्यही नसते, कारण ते व्याख्यान केव्हाचे तरी रेकॉर्ड करून ठेवलेले असते.

सरांनी अमडापूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवले. मी त्याच शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी त्यांची आधी सहकारी आणि मग शेजारीण. निवृत्तीनंतर सरांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. विद्यापीठ दूरच्या शहरातले, वर्ग ऑनलाइन आणि सहाध्यायी सरांच्या मुलांच्या वयाचे. ही बातमी बाजारातल्या चहाच्या हॉटेलात पोहोचली तेव्हा एकाने विचारले, "सर, आता कोनती नौकरी लागून राह्यली तुमाले?"

"नौकरीसाठीच शिकाचं असते, हे कोणी सांगतलं बे तुले?" सर म्हणाले. "माझ्याच वर्गात होता ना तू?"

तो होता. त्याने निमूटपणे चहा संपवला.

सरांची शिस्त शाळेत होती तशीच घरात आली. तासाच्या वेळी पांढरा शर्ट, खिशाला पेन, चपला खोलीबाहेर. तहान लागली तर आधी व्याख्यान थांबवायचे आणि मगच उठायचे, कारण "मॅडम बोलून राह्यल्या अन् आपण गटागटा पाणी प्यायचं, हे बरं दिसत नाही." विद्यार्थ्यांच्या सामाईक चर्चाफलकावर शंका विचारताना ते 'आदरणीय मॅडम, सादर प्रणाम' असा आरंभ करीत आणि 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असा शेवट. त्याखाली सहाध्यायी पिवळा अंगठा डकवीत. सर अस्वस्थ होत आणि मला विचारीत,

"बाई, मास्तरच्या पुढं अंगठा कोण दाखवते?"

"सर, त्याचा अर्थ 'छान' असा आहे."

"मंग छान लिहा म्हणा ना! दोन अक्षरं तर हायेत."

सरांचे एक आवडते वाक्य मात्र अभ्यासक्रमात फार उपयोगी पडले. "उत्तर ठेव बाजूला, पायऱ्या दाखव," असे ते शाळेत प्रत्येकाला म्हणत. बरोबर उत्तर आणणाऱ्या मुलालाही ते फळ्याशी उभे करीत आणि उत्तर कसे आले ते वदवून घेत. ज्याला पायऱ्या येत नसत, त्याने उत्तर शेजाऱ्याचे पाहिले असणार, हा त्यांचा सिद्धान्त. कॉपी या गोष्टीचा सरांना मनस्वी तिटकारा. बोर्डाच्या परीक्षेला सोनुने सर पर्यवेक्षक म्हणून आले आहेत असे कळले, की मुले मोज्यांतल्या चिठ्ठ्या आपणहून खिडकीबाहेर टाकीत. "मी कॉपी नाही केली, सर," असे कोणी रडत म्हणाले तर सर शांतपणे सांगत, "हे तर करणारा पण म्हणते."

आता त्यांच्या प्रकल्पाविषयी. मिरचीच्या झाडावर चुरडा-मुरडा नावाचा रोग येतो आणि पाने वळून बारीक होतात. पानाचा फोटो दाखवताच रोग आहे की नाही हे संगणकाने सांगावे, असा सरांचा बेत होता. त्यासाठी संगणकाला आधी रोगट आणि निरोगी अशा पुष्कळ पानांचे फोटो दाखवून शिकवावे लागते. सर सायकलवर मळ्यांतून हिंडले. पाने आणली, फोटो काढले, संगणकाला शिकवले आणि परीक्षा घेतली. एकही उत्तर चुकले नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने पेढे वाटले असते. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सगळंच बरोबर? माझ्या वर्गात असं झालं असतं, तर म्या सगळ्यांचे बाक बदलले असते." ते संगणकाच्या मागेच लागले. चित्राचा कोणता भाग पाहून तू निर्णय घेतोस, हे त्याला विचारण्याची एक रीत असते. त्या रीतीने विचारल्यावर उलगडा झाला. निरोगी पाने सरांनी घरी, त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, पोळपाटावर ठेवून टिपली होती, आणि रोगट पाने घरात नकोत म्हणून मळ्यातच जुन्या वर्तमानपत्रावर. संगणक पानाकडे पाहतच नव्हता. पोळपाट दिसला की निरोगी, वर्तमानपत्र दिसले की रोगट.

सर कुंपणाशी येऊन ओरडले, "बाई! कॉपी करून राह्यलं होतं मशीन! पकडलं म्या!"

वहिनी आतून म्हणाल्या, "पकडलं ना? आता माझा पोळपाट द्या. दुपार होऊन राह्यली, पोळ्या काय वर्तमानपत्रावर लाटू?"

सरांनी सगळे फोटो नव्याने काढले. ही हकिकत त्यांनी चर्चाफलकावर सविस्तर, पायऱ्यांसह लिहिली. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या मजकुराखाली अंगठ्यांऐवजी शब्द आले. त्यांना शिकवणाऱ्या मेघना मॅडम मूळच्या नाशिककडच्या. त्यांनी मराठीत लिहिले, "सर, ही चूक मी दर वर्षी शिकवते, पण इतके चांगले उदाहरण माझ्याजवळ नव्हते." सरांनी ते वाक्य मला वाचून दाखवले. मी ऐकले आहे हे सांगितल्यावर पुन्हा वाचून दाखवले.

यानंतर लेखी परीक्षा आली, आणि तिच्याबरोबर संकट.

ऑनलाइन परीक्षा घरीच द्यायची असते. संगणकाचा कॅमेरा सतत परीक्षार्थीच्या चेहऱ्यावर असतो. चेहरा चौकटीबाहेर गेला की यंत्र त्याची नोंद करते, आणि दूर कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक समज देतो. पेपर सुरू होताच एक तरुण पर्यवेक्षिका पडद्यावर आली. सर उभे राहिले. यंत्राने नोंद केली. पर्यवेक्षिका म्हणाली, "कृपया चौकटीत राहा." परीक्षेच्या अधिकाऱ्याला बसून उत्तर कसे द्यावे? सर उभे राहून म्हणाले, "हो, मॅडम." यंत्राने दुसरी नोंद केली. दुसरी समज आली, सर पुन्हा उभे राहून 'हो' म्हणाले. प्रत्येक समज पुढच्या गुन्ह्याला जन्म देत गेली. अखेर पेपर मध्येच बंद झाला आणि पडद्यावर मजकूर आला: अनुचित मार्गाचा संशय, प्रकरण समितीकडे. दोष सिद्ध झाल्यास प्रवेश रद्द.

साध्या भाषेत सांगायचे तर सोनुने सरांवर कॉपीचा आळ आला.

सरांनी बाजारात जाणे बंद केले. वहिनींनी आधी थट्टेवर नेण्याचा प्रयत्न केला. "तुमी मशीनले पकडलं, आता मशीननं तुमाले पकडलं. फिट्टमफाट!" सर हसले नाहीत. मी म्हटले, "सर, खरे काय घडले ते विद्यापीठाला लिहून कळवू या. मी मसुदा करते."

"काय लिहाल? की म्या कॉपी नाई केली?" सर म्हणाले. "किती पोरं रडत रडत हेच सांगत होते मले. म्या कोणाचं ऐकलं? मंग माझं काऊन ऐकावं कोणी? पायऱ्या पाहिजेत, बाई. म्या नाई केलं, याच्या पायऱ्या कुठून आणू?"



त्या दिवसांत वहिनींनी मला एक गोष्ट सांगितली. ती समजण्यासाठी शाळेतल्या सरांचे प्रवेश डोळ्यांसमोर आणावे लागतात. सर वर्गात शिरले की सगळा वर्ग खडखडाट करीत उभा राही. सर टेबलाशी थांबत, शेवटच्या बाकाचा आवाज विरेपर्यंत वाट पाहत, आणि मग एकच शब्द उच्चारीत, "बसा." पलीकडच्या वर्गात शिकवताना माझे घड्याळ त्या शब्दावर लागत असे.

"रिटायर झाल्यावरचा पहिला सोमवार," वहिनी म्हणाल्या. "शाळेच्या टायमाले पांढरा शर्ट घालून हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. म्या म्हटलं, काऊन, चहा पाहिजे का? बोलेच ना. मंग हळूच म्हणे, 'बसा.' अन् वापस गेले. मी तर बसूनच पोळ्या लाटून राह्यली होती, बाई."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला नाही. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, त्या सोलत राहिल्या.

समितीची सुनावणीही ऑनलाइनच होती. खोलीत साक्षीदार असावा म्हणून सरांनी मला बोलावले, पण कॅमेऱ्यात न येण्याची सक्त सूचना दिली. मी आणि वहिनी दाराशी बसलो. पडद्यावर तीन चौकटी उघडल्या: मध्ये वयस्कर अध्यक्ष, एका बाजूला परीक्षा अधिकारी, दुसऱ्या बाजूला मेघना मॅडम. अध्यक्षांनी चष्मा नीट केला आणि समोर पाहिले. समोर त्यांना शर्टाची बटणे दिसली.

"आप कहाँ चले गए, सर?"

वरून कुठून तरी आवाज आला, "यहीं हूँ, साहेब. खडा हूँ."

परीक्षा अधिकाऱ्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मेघना मॅडमच आधी सावरल्या. त्यांनी मराठीत विचारले, "सर, तुम्ही परीक्षेतही असेच उभे राहिलात?"

"हाव, मॅडम."

"आणि माझ्या तासाला?" हा प्रश्न रास्त होता, कारण थेट तासांना विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद असतात आणि त्यांनी सरांना कधी पाहिलेच नव्हते.

"रोज."

"पण पुष्कळदा ते रेकॉर्डिंग असते, सर!"

सरांना हा मुद्दा समजला नाही. "मास्तर वर्गात आला की उभं राहाचं असते, मॅडम. आता रेकॉर्डिंग हाय की खरं, हे पाहून कोणी उभं राह्यते काय?"

मॅडमनी हे अध्यक्षांना हिंदीत सांगितले. अध्यक्षांनी पर्यवेक्षिकेची टिपणे पुन्हा पाहिली, प्रत्येक समजेपुढची वेळ आणि त्याच क्षणी चेहरा नाहीसा झाल्याची नोंद ताडून पाहिली. एकेक करून सगळ्या पायऱ्या जुळत गेल्या. मग ते म्हणाले, "सर, आप बैठ जाइए." सर बसले. आळ मागे घेतला गेला आणि नव्याने पेपर देण्याची परवानगी मिळाली, एका अटीवर: उठायचे नाही.

ही अट पाळणे आपल्या स्वभावाला झेपेल याची सरांना खात्री वाटेना. पुन्हा पेपर दिला त्या दिवशी त्यांनी वहिनींकडून कमरेला दुपट्टा गुंडाळून स्वतःला खुर्चीशी बांधून घेतले. पर्यवेक्षकाने कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितली, तेव्हा खुर्चीसकट फिरावे लागले. पेपर मात्र पूर्ण झाला. निकाल उत्तम लागला. हॉटेलातल्या त्या माजी विद्यार्थ्याने सरांच्या चहाचे पैसे स्वतः दिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत सुटला, "आमचे सर हायेत. माझ्या वर्गाले होते."

शेवटी प्रकल्पाचे सादरीकरण राहिले. त्या दिवशी सर्वांनी कॅमेरे सुरू ठेवायचे होते. सरांनी शर्टाला कडक इस्त्री केली होती. टेबलावर मिरचीची दोन पाने होती, एक निरोगी, एक रोगट, दोन्ही एकाच पांढऱ्या कागदावर. वहिनींनी पोळपाट आधीच शेजारी, म्हणजे माझ्याकडे, हलवून ठेवला होता.

आम्ही दोघी पुन्हा दाराशी. सर खुर्चीत बसले, त्यांनी कळ दाबली, आणि वर्ग पडद्यावर आला. इतके दिवस ज्यांची केवळ नावे दिसत, त्यांचे चेहरे छोट्या छोट्या चौकटींत मांडले गेले. सर शिरस्त्याप्रमाणे उठू लागले.

"सर, तुम्ही नाही," मेघना मॅडम म्हणाल्या. "आज तुम्ही आम्हाला शिकवणार आहात."

सर अर्धवट उठलेले तसेच थांबले. आणि त्याच वेळी पडद्यावरची डोकी एकामागून एक नाहीशी होऊ लागली. आधी मॅडमचे, मग इतरांचे. चौकटींत शर्टांची पोटे दिसू लागली, ओढण्यांची टोके, टाय. इंदूरच्या एका तरुणाने वर कोट घातला होता आणि खाली फुलाफुलांची चड्डी, हे सर्व वर्गाला त्याच क्षणी कळले, पण तो बसला नाही. कुणाची चाकांची खुर्ची मागे घरंगळून भिंतीवर आदळली. पन्हाळी पत्र्यावर हरभरे सांडावेत तसा खडखडाट झाला.

माझ्या शेजारी हालचाल झाली. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या होत्या. मीही उठले.

सर सावकाश ताठ झाले. त्यांनी टेबलाच्या कडेला हात लावला. कोपऱ्यातल्या एका चौकटीत कोणीतरी अजून खुर्ची सरकवत होते. त्याचा आवाज पुरता विरेपर्यंत सर थांबले.

मग म्हणाले, "बसा."