सातव्या प्रकरणातली लाट

कादंबरीचा चित्रपट होणे ही घटना सुसंस्कृत समाजात नित्याची आहे. दरवर्षी कितीतरी कादंबऱ्यांवर हा प्रसंग ओढवतो आणि त्यांपैकी काही त्यातून वाचतातही. फळीवाल्याच्या कादंबरीवर तो ओढवला, तेव्हा खुद्द फळीवाला समुद्रकाठच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, तोंडाला फडके बांधून, सर्फिंगच्या एका फळीची भेग बुजवीत होता.

लाटांवर उभे राहणाऱ्यांच्या फळ्या दुरुस्त करणे हा त्याचा तीस वर्षांचा व्यवसाय. शिक्षण आठवीपर्यंत, तथापि त्याने दोनशे बारा पानांची एक कादंबरी लिहिली होती. ती त्याने कीर्तीसाठी लिहिली नव्हती. ती सातव्या प्रकरणासाठी लिहिली होती, आणि बाकीची अकरा प्रकरणे त्या प्रकरणाला एकटे वाटू नये म्हणून लिहिली होती.

सातव्या प्रकरणात त्याची थोरली बहीण खडकांपलीकडची मोठी लाट घेते. हा प्रसंग चौतीस वर्षांपूर्वी खरोखर घडला होता. त्या सकाळी ताई खडकांपासून धक्क्यापर्यंत, पुरे अकरा सेकंद, फळीवर ताठ उभी राहून आली. काठावर एकटा धाकटा भाऊ होता. जलक्रीडा मंडळाच्या चिटणिसांनी सर्व हकीगत शांतपणे ऐकून घेतली आणि सांगितले, की विक्रमफलकावर नाव लिहिण्यास नात्याबाहेरचा साक्षीदार लागतो; भाऊ हा नातलग असल्याने त्याने पाहिलेले पाहिल्यात जमा होत नाही. पुढे अकरा वर्षांनी एका गृहस्थाने तीच लाट घेतली. त्याच्या बरोबर चार मित्र होते. फलकावर 'प्रथम' म्हणून त्याचे नाव लागले आणि त्यावर दर वर्षी नवा रंग चढू लागला.

तेव्हा चित्रपट कंपनीचे पत्र येताच फळीवाला हात न धुताच ताईच्या दुकानात पोचला. ताई कपड्यांच्या दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. दातांत दोन टाचण्या धरून ती एका जाकिटाची चेन उसवीत होती.

"ताई, सिनेमा होतोय!"

"कुणाचा?"

"आपल्या लाटेचा."

"आपल्या? लाट माझी होती. तू काठावर बसून शेंगा खात होतास."

"मी पाहिलं म्हणून तर पुस्तक झालं ना! आता मोठ्या पडद्यावर दिसलं की लोक मानतील. मंडळालाही मानावं लागेल."

"चौतीस वर्षं नाही मानलं, तर माझं काही अडलंय का?" असे म्हणून ताईने चेन इतक्या जोरात ओढली की ती एकदम निघून आली. यावरून तिचे किती अडले होते, हे फळीवाल्याला समजले.

"तू पुस्तक तरी वाच ना एकदा."

"मी तिथे होते. मला कशाला वाचायला लावतोस?"

चित्रपट कंपनीचा रूपांतर विभाग पाचव्या मजल्यावर होता. तिथल्या रूपांतर अधिकारी बाईंनी फळीवाल्याला आदराने बसवले, पाणी दिले आणि एक छापील अर्ज पुढे ओढला.

"कादंबरी आपण वाचली आहे का?"

"मी लिहिलीय, बाई."

"ते ठाऊक आहे हो. वाचली आहे का, एवढंच विचारतेय."

"लिहिताना... वाचावीच लागते ना."

बाईंचा चेहरा उतरला. नियमच तसा होता. ज्याने मूळ कादंबरी वाचली आहे, तो तिच्या बाजूने पक्षपाती होतो. सबब त्यास रूपांतर समितीवर बसता येत नाही. पूर्वी एका समितीत एक वाचक घुसला होता. 'पण पुस्तकात असं नाही,' हे वाक्य त्याने एकाच दुपारी एकोणीस वेळा उच्चारले. तेव्हापासून समिती केवळ एकपानी सारांशावरून काम करी. सारांश लिहिणाऱ्यानेही कादंबरी वाचलेली चालत नसे. त्याला ती कोणीतरी फोनवरून सांगे.

पुष्कळ विचारांती बाईंनी अर्जावर 'अंशतः वाचक' असा शेरा मारला. फळीवाल्याला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. तिथे बसून ऐकण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

समितीचा दुसरा नियम अधिक उदात्त होता. तिथे कोणाचीही सूचना फेटाळली जात नसे. फेटाळल्याने मन दुखावते, आणि दुखावलेल्या मनातून कला निर्माण होत नाही, असे निर्मात्याचे मत होते. प्रत्येक सभासदाने प्रत्येक बैठकीत किमान एक सूचना करावी आणि ती सामावून घेतली जावी, अशी रीत होती. सभासद नऊ होते. बैठका चोवीस झाल्या.

पहिल्याच बैठकीत दिग्दर्शक म्हणाला, "नायिका चोवीस वर्षांची आहे, कपडे शिवते आणि लाटेवर उभी राहते. एकाच बाईला हे जरा जास्त होतंय."

"तिघींत वाटून देऊ या," बाई म्हणाल्या.

त्याप्रमाणे एक चोवीस वर्षांची झाली, दुसरी कपडे शिवू लागली आणि तिसरीला द्यायला लाट काढली, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की चित्रपटात नायक अद्याप रिकामा बसला आहे. लाट नायकाला मिळाली. तिसरीने काठावरून हात हलवायचे ठरले.

विमा प्रतिनिधीने समुद्राविषयी माहिती मागवली. समुद्राचा मालक कोण, तो करारावर सही करील काय, आणि चित्रीकरणाच्या वेळी त्याच्या वर्तनाची हमी कोण घेईल, असे त्याचे तीन प्रश्न होते. किनारा कार्यालयाकडून अर्जाचा नमुना आला. त्यात लाटेची तारीख, वेळ व उंची लिहायची होती, आणि सदरहू लाट वेळेवर उपस्थित न राहिल्यास पर्यायी लाट कोणती, तेही. फळीवाला खुर्चीवरून अर्धवट उठून म्हणाला, "साहेब, लाट अशी सांगून येत नाही." हे त्याचे म्हणणे इतिवृत्तात 'लेखकाकडे पर्यायी लाट उपलब्ध नाही' असे नोंदले गेले.

मग समुद्राच्या जागी तलाव आला. तलावात लाटा नव्हत्या, म्हणून तो जलतरण तलाव झाला. त्याचा निदान तळ तरी दिसतो. परंतु नायकाच्या करारात घोट्याच्या वर भिजण्याची तरतूद नव्हती, कारण त्याचे केस. तेव्हा पाणी कमी करीत करीत घोट्यापर्यंत आणले गेले. घोटाभर पाण्यात फळी टेकते. टेकलेल्या फळीवर माणूस उभा राहिला तर त्यात पराक्रम तो कसला, अशी रास्त शंका एका सभासदाने काढली. म्हणून उरलेले पाणीही काढून टाकण्यात आले आणि नायक पाण्याला भिणारा सुतार झाला. फळी तशीच राहिली. मूळ कृतीशी इमान राखल्याबद्दल समितीने स्वतःचे अभिनंदन केले.

फळीवाल्याच्या तोंडचे पाणी त्याआधीच पळाले होते. परंतु त्याने धीर सोडला नाही. त्याने एकेक गोष्ट देऊन टाकण्यास आरंभ केला. नाव दिले, शेवट दिला, धक्का आणि खडक दिले, कादंबरीतला म्हातारा कुत्राही दिला. मोबदल्यात त्याने फक्त एक मागितले.

"कुठेही घाला, कशीही घाला," तो हात जोडून म्हणाला, "पण एक बाई लाटेवर उभी आहे, एवढं दिसू द्या. अकरा सेकंद."

"सात देतो," निर्माता म्हणाला.

फळीवाल्याने चार सेकंदांवर पाणी सोडले.

आता पाण्याला भिणाऱ्या सुताराच्या गोष्टीत लाटेवरची बाई कोठून आणावी, हा प्रश्न उरला. तो वितरकाने सोडवला. चित्रपटात आजी नाही, आणि आजी नसली तर कुटुंबे येत नाहीत, अशी त्याची सूचना होती. ती सामावून घेऊन असे ठरले, की नायकाची दिवंगत आजी त्याच्या स्वप्नात लाटेवर उभी राहून येते आणि 'भिऊ नकोस' म्हणते. आजीची भूमिका सव्वीस वर्षांच्या अभिनेत्रीकडे होती. पण तिलाही केस होते. म्हणून लाटेपुरती बदली बाई पाहिजे झाली. पात्रता अशी: वय साठीच्या आसपास, लाटेवर उभे राहता येणे आवश्यक, आणि कादंबरी अजिबात वाचलेली नसावी.

फळीवाला पाचव्या मजल्यावरून जिन्याने धावत खाली आला. उद्वाहन येईपर्यंत थांबणे त्याला शक्य नव्हते.

"ताई! तू पुस्तक वाचलं नाहीस ना? खरं सांग. चोरूनसुद्धा नाही?"

"आता काय वाचायला बसू?"

"हात लावू नकोस! तुझ्या पाया पडतो, हात लावू नकोस त्याला!"

चित्रीकरण एका ढगाळ सकाळी झाले. ताईचे वय आता अठ्ठावन्न. गुडघा अधूनमधून कुरकुरत असे. काळा पोशाख कमरेत तिने स्वतःच सैल करून घेतला होता. फळीवाल्याने तिच्यासाठी फळी चार दिवस घासली होती, मेण लावले होते, पुन्हा घासली होती.

"पडलीस तर हसणार नाही मी," तो म्हणाला.

"तू हसलास तर मी पडणार नाही. हो बाजूला."

ती हातांनी पाणी कापीत खडकांपलीकडे गेली. दोन लाटा तिने जाऊ दिल्या. तिसरी आली तेव्हा ती आधी गुडघ्यांवर आली, क्षणभर तिथेच थबकली, आणि मग, घरात स्टुलावरून उठावे तशी, उठून उभी राहिली. हात फारसे पसरले नाहीत, ओरडली नाही. लाटेच्या पोटावरून तिरकी उतरत ती काठाकडे येत राहिली, आणि पाण्याच्या हिरवट भिंतीपुढे तिचे ते पांढरे डोके एकाच उंचीवर सरकत राहिले. सात सेकंद झाले. नऊ झाले. अकराव्याला ती उतरली. फळीवाला रडत होता. दिग्दर्शक तंबूतून बाहेर येऊन चक्क तिच्या पाया पडला. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांतले एकही नात्यातले नव्हते.

तयार चित्रपट नव्वद निवडक प्रेक्षकांना दाखवण्यात आला. अखेरीस अर्ज वाटले गेले. 'आजीची लाट' या रकान्यात शहाऐंशी जणांनी 'पटली नाही' यावर खूण केली. कारणेही दिली होती. आजी घाबरत नाही. आजीचे केस उडत नाहीत. लाट फार ओली वाटते. एकाने लिहिले होते, 'एवढ्या वयात असे होत नसते, प्रेक्षकांना मूर्ख समजू नये.'

ते सात सेकंद काढून त्या जागी संगणकावर केलेली लाट बसवण्यात आली. ती तिमजली इमारतीएवढी होती आणि तिच्यात डॉल्फिन होते. पुन्हा प्रयोग झाला. नव्वदच्या नव्वद जणांना ती पटली.

"अहो, पण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत!" फळीवाला दिग्दर्शकाला म्हणाला. "मंडळात येऊन तेवढं सांगा."

"पाहिलं ना, दादा. शपथेवर पाहिलं." दिग्दर्शक हळूच म्हणाला. "पण आता मीच सांगितलं की खरी लाट होती, तर लोक विचारणार, मग काढली का? चाळीस जणांनी गोपनीयतेवर सह्या केल्यात. माझीही आहे."

तयार चित्रपट मान्य असल्याच्या संमतिपत्रावर सही करण्यास फळीवाल्याने साफ नकार दिला. समितीने त्याचा नकार ही एक सूचना मानून तो सामावून घेतला. चित्रपटाच्या अगदी शेवटी, दिवे लागून लोक दाराकडे वळल्यावर, पडद्यावर बारीक अक्षरांत 'मूळ लाटेस अनुसरून' असे येऊन गेले.

चित्रपट चांगला चालला. ताईने तो पाहिला आणि डॉल्फिन छान आहेत असे मत दिले. दुसऱ्या दिवसापासून ती दुकान तासभर उशिरा उघडू लागली, कारण लाटांची सवय पुन्हा लागली ती लागलीच.

चित्रपटाचे चित्रीकरण झाले तो हाच काठ, अशी बातमी फुटल्यावर तिथे माणसांची रीघ लागली. एका रविवारी सकाळी फळीवाल्याने मोजली, तर दोनशेच्या वर माणसे होती. सगळी परकी, नात्याबाहेरची, डोळे असलेली. त्याच्या मनात आशेने उचल खाल्ली. त्याच वेळी खडकांपलीकडे ताई उठून उभी राहिली. वाऱ्यामुळे लाट लांबली. तो मोजत होता, अकरा, बारा, तेरा. आणि दोनशे माणसे समुद्राकडे पाठ करून, हात लांब करून, आपापल्या मोबाइलकडे पाहून हसत होती. ताई फळी काखेत मारून वर आली, तेव्हा एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, थोडं बाजूला होता का? फोटोत येताय."

जलक्रीडा मंडळ मात्र आपल्या शब्दाला जागून आहे. नात्याबाहेरचा एक साक्षीदार आणा, नाव आजच लिहितो, असे चिटणिसांनी परवाच पुन्हा सांगितले. म्हणूनच आपणांस हे सविस्तर कळवले. आपण त्या रविवारी तिथे होतात; पांढरी टोपी होती आपली. आपला तो फोटो फार सुरेख आला होता. त्यात आपल्या खांद्यामागे डावीकडे एक ठिपका होता. चौघांना पाठवण्यापूर्वी आपण जो बोटाने पुसून टाकलात, ती ताई.